डॉक्टर शोधायचा तो बरं असताना: फॅमिली डॉक्टरकडे कधी जायचं आणि समोरच्या क्लिनिकमध्ये कधी

आईला कराडहून पुण्याला आणलं तेव्हा तिच्या सामानात स्टीलचा एक डबा होता. पूर्वी त्यात लाडू असायचे, आता गोळ्यांची पाकिटं होती. वाकडला आम्हीच नवे होतो. सोसायटीखालच्या शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये ओळीने तीन दवाखाने आहेत. नंबर लावायची गरज नाही, जायचं आणि बसायचं. आईची बीपीची गोळी संपली म्हणून पहिल्या दवाखान्यात गेलो. तिथे गोळी बदलून दिली आणि बीपी छान आटोक्यात आलं. महिन्याभराने घोट्यांवर सूज आली. त्या दिवशी तो दवाखाना बंद होता म्हणून शेजारच्यात गेलो. तिथे लघवी जास्त होण्याची गोळी मिळाली. सूज थोडी उतरली, पण रात्री पोटऱ्यांत पेटके यायला लागले. आई कळवळून उठून बसायची. मग तिसऱ्या ठिकाणी पेटक्यांवर कॅल्शियम सुरू झालं.

चौथे डॉक्टर आम्हाला आमच्या मेडिकलवाल्याने सुचवले. त्यांनी आधी तो डबाच आणायला सांगितला. सगळी पाकिटं टेबलावर पसरली आणि प्रत्येकावर बोट ठेवून विचारलं, “ही कधी सुरू केली?” मग आईच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, मनात दहापर्यंत मोजलं आणि उचलला. खळगा तसाच राहिला. दुसऱ्या पायालाही तेच केलं. दोन्हीकडे सारखीच सूज होती. म्हणाले, “आजी, ही सूज बहुतेक बीपीच्या या गोळीची आहे.” ॲम्लोडिपिन नावाच्या त्या गोळीने काहीजणांच्या पायांना सूज येते. लघवीच्या गोळीने ती नीट जात नाही, उलट शरीरातलं पोटॅशियम कमी होऊन पेटके येऊ शकतात. त्यांनी रक्त तपासून घेतलं, बीपीची गोळी बदलली आणि बाकीच्या दोन बंद केल्या. अडीच आठवड्यांत आईची चप्पल तिच्या पायात पुन्हा नीट बसायला लागली.

आधीचे तिघे डॉक्टर वाईट नव्हते. प्रत्येकाने समोर दिसलं त्यावर औषध दिलं. पण समोर फक्त त्या दिवसाचा पाय होता, चार महिन्यांची गोष्ट कुणासमोरच नव्हती. हा लेख त्या गोष्टीबद्दल आहे: ती कुणाच्या हातात द्यायची, कशी द्यायची आणि कोणत्या वेळी तिची गरजच नसते. एक मात्र आधीच सांगते. हे वाचून कुणीही बीपीची किंवा साखरेची गोळी स्वतःहून बंद करू नका. शंका असेल तर पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

एकाच डॉक्टरकडे जाण्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. नॉर्वेमध्ये 2001 पासून प्रत्येक नागरिकाला नावानिशी एक डॉक्टर मिळतो. तिथल्या सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे 15 वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना एकच वर्ष झालेल्यांशी केली, तर अवेळी तातडीच्या सेवेकडे धावण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी, अचानक रुग्णालयात भरती व्हायचं 28 टक्क्यांनी आणि मृत्यूचं 25 टक्क्यांनी कमी दिसलं. नॉर्वे म्हणजे महाराष्ट्र नव्हे, हे मान्य. तिथला डॉक्टर सरकारी व्यवस्थेने बांधलेला आहे, आपल्याकडे तो आपणच शोधायचा आणि टिकवायचा असतो. पण आतलं कारण दोन्हीकडे सारखंच आहे. ओळखीच्या डॉक्टरला तुमचं नेहमीचं बीपी, नेहमीचं वजन, तुमचा नेहमीचा चेहरा माहीत असतो. त्यामुळे काही बिघडलं की त्याच्या लवकर लक्षात येतं.

पायरी 1: घरातल्या माणसांची यादी करा

कोणता डॉक्टर निवडायचा हे ठरवण्याआधी घरात कुणाला काय आहे ते एका कागदावर लिहून काढा. आमच्या कागदावर आईचं बीपी, नवऱ्याची काठावरची साखर, माझं थायरॉइड आणि मुलाचा दर पावसाळ्यात उठणारा दमा होता. यातली एकही गोष्ट पाच दिवसांच्या औषधाने संपणारी नाही. कागदावर असं काही असेल तर तुम्हाला फॅमिली डॉक्टर हवाच. घरात सगळे तरुण आणि धडधाकट असतील तर घाई नाही, पण गाठ घालून ठेवलेली बरी.

एकाच डॉक्टरकडे जावं अशा गोष्टी म्हणजे बीपी, मधुमेह, थायरॉइड, दमा, मिर्गी, मनाचे आजार, गरोदरपणाआधीची तयारी, कारण नसताना घटलेलं वजन, सारखा येणारा थकवा, आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पुन्हा होणारी एकच तक्रार. ही शेवटची सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत सहज निसटणारी.

खोकल्याचंच घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही ना हे बघायचं, हा आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे. आता समजा, पहिल्या आठवड्यात स्टेशनजवळच्या दवाखान्यातून सिरप घेतलं, तिसऱ्या आठवड्यात ऑफिसजवळच्या क्लिनिकमधून अँटिबायोटिक घेतलं आणि पाचव्या आठवड्यात घराजवळ दाखवलं. तिन्ही ठिकाणी तुम्ही सांगणार, “चार-पाच दिवसांपासून जरा जास्त झालाय.” तिघांच्याही दृष्टीने तो पहिलाच खोकला. शिवाय लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिकमुळे क्षयरोग काही दिवस दबतो, बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं. तेवढ्यात घरातल्या लहानग्याला लागण व्हायची ती होते. तोच डॉक्टर असता तर दुसऱ्या खेपेलाच त्याने जुना केसपेपर काढून म्हटलं असतं, “अजून आहे? थुंकी तपासू.” कधीकधी खोकल्याचं मूळ बीपीच्या गोळीतच असतं. रॅमिप्रिल, एनालॅप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि कितीही सिरप प्यायलं तरी तो थांबत नाही. गोळी कोणती आणि कधीपासून, हे ठाऊक असलेल्यालाच ते सुचतं.

समोरच्या क्लिनिकमध्ये बिनधास्त जावं अशाही पुष्कळ गोष्टी आहेत. खरचटलं, कापलं, एक-दोन टाके घालायचे आहेत, ड्रेसिंग बदलायचं आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आहे, प्रवासात पोट बिघडलं, साधी सर्दी, कामावर रुजू होण्यासाठी फिटनेसचा दाखला. यासाठी फॅमिली डॉक्टरच्या वेळेची वाट बघत बसायचं काही कारण नाही.

कुत्रा चावला तर मात्र थोडं वेगळं आहे. आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, मग थेट सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा. लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शनही लागतं आणि ते छोट्या क्लिनिकमध्ये सहसा नसतं. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत कोणत्याही डॉक्टरला भेटून लेप्टो (अशा घाण पाण्यातून होणारा जंतूंचा ताप) होऊ नये म्हणून औषध लागेल का ते विचारा. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगत असते.

पायरी 2: बरं असताना शोध घ्या

ताप 103 असताना माणूस डॉक्टर निवडत नाही, जवळ दिसेल तिथे जातो. म्हणून हे काम एखाद्या निवांत शनिवारी करावं.

कुणाला विचारायचं? सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंत तर 20 नावं येतील आणि प्रत्येकाचं नाव वेगळं असेल. मी तीन प्रकारच्या माणसांना विचारते. पहिला मेडिकलवाला. रोज सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्याच्या हातातून जातात. “तुमच्या आईला दाखवायचं तर कुणाकडे न्याल?” असं विचारलं की तो खरं सांगतो. दुसरे, त्या भागात 20-25 वर्षं राहिलेले आजी-आजोबा. तिसऱ्या, घरकामाला येणाऱ्या बाई. कमी फीमध्ये कोण नीट तपासतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

हातात दोन-तीन नावं आली की अंतर आणि वेळ बघा. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस रिक्षाने दहा मिनिटांत पोहोचेल इतपत जवळ असावा. शहराच्या दुसऱ्या टोकाचा नामवंत डॉक्टर फॅमिली डॉक्टर म्हणून उपयोगी पडत नाही, कारण अंतरामुळे आपण जाणं टाळतो. संध्याकाळी 7 वाजता एक फेरी मारा. बाकावर 30 माणसं असतील तर तुमच्या वाट्याला किती मिनिटं येतील हे तिथेच कळतं.

मग पाटी वाचा. नियमाप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, दाखल्यावर, पावतीवरही द्यायचा असतो. एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, तिचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी करावं लागतं, आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरांच्या नोंदणीसाठी वेगळ्या परिषदा आहेत.

पदवीबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, कारण याबद्दल आपण संकोचाने विचारत नाही. आपल्या गावांत आणि उपनगरांत कितीतरी चांगले, जीव लावणारे फॅमिली डॉक्टर बीएएमएस आहेत. मीही अशाच एका डॉक्टरांच्या औषधांवर लहानाची मोठी झाले. तरी आपल्यासमोर बसलेल्याची पदवी कोणती आणि तो कोणत्या पद्धतीची औषधं देतोय, हे माहीत असायलाच हवं. मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापावर ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निष्काळजीपणा ठरवून कुटुंबाला भरपाई द्यायला लावली. “डॉक्टर, आपण कोणती औषधं देता?” हा प्रश्न उद्धट नाही. चांगला डॉक्टर त्याचं सरळ उत्तर देतो.

पायरी 3: पहिली भेट छोट्याशा कामाने घ्या

बीपी मोजून घ्यायला जा, किंवा जुने रिपोर्ट दाखवायला. फी द्या आणि डोळे उघडे ठेवून बसा.

बीपी कसं मोजतात यावरून मला बरंच कळतं. जिना चढून आलेल्या माणसाला पाच मिनिटं टेकू द्यायला हवं. पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना गप्पा नाहीत. आमच्या डॉक्टरांनी आईला आधी विचारलं, “आत्ता चहा पिऊन आलात का?” ती हो म्हणाली, तर त्यांनी तिला बाहेर बसवून अर्ध्या तासाने पुन्हा आत बोलावलं. त्याच दिवशी आम्ही ठरवलं की आता डॉक्टर हेच.

आणखी काय बघायचं? तुमचं बोलणं पुरं होण्याआधी ते लिहायला लागतात का? चालू औषधं विचारतात का? तुमची नोंद ठेवतात का, मग ती पुठ्ठ्याच्या कार्डावर का असेना? तपासण्या लिहून दिल्या तर कशासाठी ते सांगतात का? “यात माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं” असं म्हणून चिठ्ठी देऊन पुढे पाठवतात का? हे शेवटचं माझ्या लेखी सगळ्यांत वरचं. सगळं स्वतःच बरं करू म्हणणाऱ्या डॉक्टरची मला भीती वाटते.

इथे आपली बाजूही तपासायला हवी. सुई टोचली नाही तर फी वाया गेली असं आपल्याकडे अजून वाटतं. अशक्तपणा आला की आपणच म्हणतो, “डॉक्टर, एक सलाईन लावून टाका.” तोंडाने पाणी, सरबत, पेज जात असेल तर बहुतेक वेळा सलाईनची गरज नसते. तुमचा आग्रह मोडून जो समजावून सांगतो तो डॉक्टर सोडू नका.

पुड्यांचंही तसंच. पाकिटातून काढलेल्या सुट्या गोळ्या, एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी, कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जातात. त्या स्वस्त पडतात आणि गोरगरिबाला परवडतात, म्हणून मी त्यांना सरसकट नावं ठेवणार नाही. पण आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर रात्री अंगावर पित्त उठल्यावर दुसऱ्या डॉक्टरला काय सांगणार? नम्रपणे म्हणा, “डॉक्टर, गोळ्यांची नावं कागदावर लिहून द्याल का? आईची आणखी औषधं चालू आहेत.” हे सांगूनही नावं मिळत नसतील तर दुसरा दवाखाना बघा.

उठण्याआधी तीन प्रश्न विचारून घ्या. रात्री काही झालं तर फोन करता येईल का, आणि कोणत्या नंबरवर? तुम्ही गावाला गेलात तर तुमच्या जागी कोण बघतं? भरती करायची वेळ आली तर कुठे पाठवाल? उत्तरं फोनमध्ये टिपून ठेवा.

पायरी 4: फाइल तुमच्याजवळ हवी

डॉक्टरकडे नोंद असली तरी एक फाइल घरी असायलाच हवी. बाजारात मिळणारी प्लास्टिकच्या खिशांची साधी फाइल पुरते. प्रत्येक माणसाची वेगळी. सगळ्यांत वर एकच पान, हाताने लिहिलेलं, मोठ्या अक्षरात:

नाव, जन्मवर्ष, रक्तगट.
आजार आणि प्रत्येकाचं निदान कधी झालं ते वर्ष.
चालू औषधं: नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, कधीपासून.
न चालणारी औषधं आणि ती घेतल्यावर काय झालं होतं.
ऑपरेशनं, वर्षासह.
डॉक्टरांचा आणि घरातल्या दोन माणसांचा फोन.

चौथी ओळ का लिहिते ते सांगते. आईची फाइल करायला बसलो तेव्हा पेन्शनच्या पासबुकात घडी घातलेला एक कागद सापडला. कराडच्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना प्रत्येक जुन्या पेशंटला अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून दिली होती. त्यात निळ्या शाईने लिहिलेलं होतं: ॲम्लोडिपिन, 2014, पायांना सूज, बंद केली. चारही महिने तो कागद आईच्या पर्समध्ये होता. दाखवायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिच्याजवळ काही कागद आहेत का हे मी विचारलं नव्हतं.

वर्षं नीट लिहायचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे मेडिक्लेम. भरती झाल्यावर विमा कंपनी जुने केसपेपर मागते, आणि आजार पहिल्यांदा कधी निघाला याचा फॅमिली डॉक्टरचा दाखलाही मागते. गर्दीच्या क्लिनिकमध्ये कुणी घाईत “बीपी 10 वर्षांपासून” असं लिहिलं आणि खरं तर ते 4 वर्षांपूर्वी निघालं असेल, तर त्या एका ओळीवरून क्लेम अडकू शकतो. 2024 पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त 3 वर्षांवर आणला आहे, तरी तारखांचा वाद व्हायचा तो होतोच. म्हणून केसपेपर हातात आला की तिथेच उभं राहून वाचा आणि चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या.

फोनवर ठेवायचं असेल तर आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक काढता येतो. तो 14 अंकी असतो आणि त्याला रिपोर्ट जोडता येतात. मी दोन्ही ठेवते. आईला फोन उघडता येत नाही, फाइल उघडता येते.

पायरी 5: समोरच्या क्लिनिकमध्ये जाताना

रविवार आहे, फॅमिली डॉक्टर गावाला गेलेत, मुलाचा कान दुखतोय. जायलाच हवं, जा. फक्त आत गेल्यावर पहिल्या मिनिटात चार गोष्टी न विचारता सांगा: चालू औषधं, न चालणारी औषधं, जुने आजार, आणि या तक्रारीसाठी आधी कुणाला दाखवलं असेल तर काय दिलं होतं. आधी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो होतो हे लपवायची आपल्याला सवय आहे, डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून. त्यांना वाईट वाटत नाही. उलट त्यामुळे तेच अँटिबायोटिक दुसऱ्या नावाने पुन्हा दिलं जात नाही.

बाई असाल आणि दिवस गेल्याची शक्यता असेल, तर तेही पहिल्या मिनिटातच सांगा. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी दुखण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन मिळण्याआधी तसं सांगायलाच हवं, कारण डायक्लोफिनॅकसारख्या औषधांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

बाहेर पडताना निदान लिहिलेला कागद हातात हवा. नुसती औषधांची नावं पुरेशी नाहीत. त्याचा फोटो काढा आणि फॅमिली डॉक्टर आले की पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखवा.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल जरा थांबते. पहिल्या दिवशी कोणत्याही क्लिनिकमध्ये गेलात तरी चालेल. पॅरासिटामॉल मिळेल, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. डेंग्यूची एनएस1 तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम ही रक्ताची दुसरी तपासणी करतात. टायफॉइडसाठी नुसत्या विडाल तपासणीवर विसंबू नका, ती पुष्कळदा फसवते. डॉक्टरला टायफॉइडची दाट शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवणं चांगलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र एकच डॉक्टर धरून ठेवा. डेंग्यूमध्ये ताप उतरायला लागतो तेव्हाचे एक-दोन दिवस, साधारण तिसरा ते सातवा, सर्वांत जोखमीचे असतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अतिशय गळून जाणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णालय गाठा. कालच्या रक्ताच्या रिपोर्टशी आजचा जुळवून बघणारा डॉक्टर अशा वेळी लागतो. रोज नव्या ठिकाणी गेलात तर आकडे मिळतात, पण त्यांची चाल कुणालाच दिसत नाही.

मेडिकलच्या काउंटरवर विचारून गोळ्या घेणं टाळाच. काही अँटिबायोटिक आणि क्षयरोगाची औषधं एच-1 या यादीत आहेत. ती देताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं असतं आणि ती वही 3 वर्षं ठेवायची असते. हा नियम तुम्हाला त्रास द्यायला केलेला नाही.

पैशांची अडचण असेल तर सरकारी सोयींचा विचार आधी करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. मुंबईत 2022 पासून महापालिकेचे आपला दवाखाना सुरू झाले आणि ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असल्याने कामावरून सुटल्यावर जाता येतं. तिथेही ठरलेल्या एकाच दवाखान्यात, तीच फाइल घेऊन जा. फी नसली तरी आपली ओळख तयार करता येते.

फोनवरचा डॉक्टर

25 मार्च 2020 रोजी देशात दूरवैद्यकाचे नियम आले. त्यानुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक सांगायचा, चिठ्ठी लिहून द्यायची आणि झोपेच्या व नशेच्या वर्गातली काही औषधं फोनवरून द्यायचीच नाहीत. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. माझा अनुभव असा की रिपोर्ट दाखवणं, चालू गोळी पुढे न्यायची का ते विचारणं, अंगावरचं पुरळ कॅमेऱ्यात दाखवणं इतपत ते छान जमतं. पोट दुखतंय, छातीत घरघर आहे, कान ठणकतोय, तिथे हात आणि स्टेथोस्कोपच लागतो. फोनवर बोलायचंच तर ज्याने तुम्हाला एकदा समोर बसवून तपासलंय अशा डॉक्टरशी बोला.

जेव्हा दोन्हीकडे जायचं नसतं

छातीत दाब येऊन घाम फुटणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, श्वास न पुरणं, झटके येणं, शुद्ध हरपणं. अशा वेळी फॅमिली डॉक्टर नको आणि समोरचं क्लिनिकही नको. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात जा. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन हवा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात “ॲसिडिटी असेल, बघू” यात गेलेला तास परत मिळत नाही. आपल्या भागात सीटी स्कॅनची मशीन रात्री चालू असलेलं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधून फाइलच्या मुखपृष्ठावर लिहा.

डॉक्टर बदलायची वेळ आली तर

प्रत्येक तक्रारीला तीच दोन औषधं मिळायला लागली, प्रत्येक वेळी एकाच लॅबची लांबलचक यादी मिळते, बायकांच्या दुखण्याला “टेन्शन घेऊ नका” एवढंच उत्तर मिळतं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलंत म्हणून राग येतो: यातलं काही सारखं होत असेल तर बदला. भांडायची गरज नाही. नोंदींची प्रत मागा. पेशंटने मागितल्यावर 72 तासांच्या आत कागदपत्रं द्यावीत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतच नियम आहे. लेखी अर्ज केलात तर आणखी चांगलं.

आणि तुमचे चांगले डॉक्टर म्हातारे झाले असतील, दवाखान्याची वेळ कमी करत असतील, तर ते बंद करण्याची वाट बघू नका. आत्ताच जा. त्यांना दोन गोष्टी मागा: तुमच्या घरातल्या प्रत्येकाची अर्ध्या पानाची चिठ्ठी, आणि ते स्वतः आजारी पडले तर जवळपासच्या कोणत्या तरुण डॉक्टरकडे जातील, ते नाव. चिठ्ठी पासबुकात ठेवू नका. फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा.